एन्क्रिप्शनची निर्यातबंदी : कोणासाठी फसली?

1990 च्या दशकात अमेरिकेने मजबूत एन्क्रिप्शनला तोफा-रणगाड्यांच्या पंगतीला बसवले. युद्धसामग्रीच्या यादीत त्याचे नाव होते आणि परवान्याविना ते देशाबाहेर पाठवणे गुन्हा होता. फिल झिमरमन यांचे 1991 मधले पीजीपी हे एन्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर तरीही जगभर पसरले. त्यांच्यामागे चौकशीचा ससेमिरा लागला, पण जानेवारी 1996 मध्ये सरकारने आरोप न ठेवताच ती गुंडाळली. फ्लॉपीवर बंदी होती, पुस्तकावर नव्हती. म्हणून सोर्स कोड छापून युरोपात नेला गेला. आरएसए या एन्क्रिप्शन पद्धतीचा प्रोग्रॅम टी-शर्टवर छापून लोक मिरवले. सॉफ्टवेअरवाले ही गोष्ट रंगवून सांगतात आणि शेवटी निकाल देतात : गणिताला सरहद्द नसते, सरकारचे हसे झाले, बंदी फसली.

हा झाला पूर्वपक्ष. त्यातली प्रत्येक घटना खरी आहे, निकाल तेवढा चुकीचा.

ती पुस्तकेच जवळून पाहू. पीजीपी 5.0 चा कोड सहा हजारांहून अधिक पानांवर छापला होता. स्कॅन करताना एक अक्षर चुकले तरी प्रोग्रॅम कोसळणार, म्हणून प्रत्येक ओळीला पडताळणीचा आकडा जोडलेला. 1997 मध्ये युरोपातल्या स्वयंसेवकांनी पानामागून पान स्कॅन करून, चुकलेल्या ओळी हाताने दुरुस्त करून तो पुन्हा उभा केला. पराक्रम खराच! पण त्याचा लाभ झाला तो मुळात जागरूक असलेल्यांना. बंदीचे यशापयश त्यांच्या टेबलावर मोजायचे नसते. एन्क्रिप्शन हा शब्दही ज्याच्या कानावर पडलेला नाही, त्याच्या संगणकावर काय होते ते पाहावे लागते. तिथे होता नेटस्केपचा 40 बिटांचा निर्यातीचा ब्राउझर. ऑगस्ट 1995 मध्ये दामियाँ दोलिजे या फ्रेंच संशोधकाने शंभरावर संगणक कामाला लावून त्याचा एक संदेश आठ दिवसांत फोडून दाखवला होता.

ओपन सोर्सवाल्यांना याहून बारीक जाच होता. नियम केवळ एन्क्रिप्शनच्या कोडवर थांबत नव्हता, तो कोड बसवण्यासाठी ठेवलेली खाचही त्यात पकडली जाई. म्हणून एमआयटीने केर्बेरोस या ओळख-पडताळणीच्या प्रणालीची परदेशी आवृत्ती काढताना डीईएस या एन्क्रिप्शन पद्धतीचा कोड तर काढलाच, शिवाय त्याला बोलावणारी प्रत्येक ओळही काढली. 'बोन्स' नावाचा तो सांगाडा ऑस्ट्रेलियात एरिक यंग यांनी पुन्हा भरला. पुढे त्यांनी टिम हडसन यांच्यासह एसएसएलईएवाय लिहिले आणि त्यातूनच ओपनएसएसएल निघाले. अपाची वेब सर्व्हरसाठीचे मॉड-एसएसएल 1998 पासून युरोपात वेगळे सांभाळले जाई. मूळ अपाची घ्या, त्यावर पॅच चढवा, अपाचीची नवी आवृत्ती आली की पुन्हा तेच. मूळ वितरणात ते आले 2002 च्या सुमारास, 2.0 आवृत्तीबरोबर. डेबियनने तर अशा पॅकेजेससाठी अमेरिकेबाहेर 'नॉन-यूएस' नावाचे निराळे भांडारच ठेवले होते. हे सगळे उपलब्ध होते, फुकट होते, कायदेशीरही होते. फक्त दोन पायऱ्या लांब होते. आणि दोन पायऱ्या चढायला बहुतेक लोक तयार नसतात.

अमेरिकन प्रोग्रॅमर जॉन गिलमोर यांचा फ्रीस्वॅन प्रकल्प पाहा. लिनक्सच्या यंत्रांमधली वाहतूक आपोआप एन्क्रिप्ट व्हावी, हा 1996 मधला त्यांचा संकल्प. काम कॅनडातून चाले आणि अमेरिकन नागरिकाने पाठवलेला पॅच घेतला जात नसे. म्हणजे खुद्द गिलमोर यांनाही त्यात कोड लिहिण्याची सोय नव्हती. 2004 मध्ये उद्दिष्ट न गाठताच प्रकल्प थांबला. सगळे खापर बंदीवर फोडता येणार नाही, कारण त्याची मांडणीही किचकट होती. पण अमेरिकेतल्या प्रोग्रॅमरना दाराबाहेर ठेवून हे काम किती पुढे जाणार होते?

यावर एक प्रतिवाद हटकून येतो : शेवटी न्यायालयाने बेड्या तोडल्याच ना? डॅनियल बर्नस्टाइन यांनी या निर्बंधांविरुद्ध भरलेल्या खटल्यात सोर्स कोड ही अभिव्यक्ती आहे, असे न्यायालय म्हणाले, हे खरे. मे 1999 मध्ये अपील न्यायालयाच्या तिघांपैकी दोघा न्यायाधीशांनी तोच कौल दिला. मात्र मोठ्या पीठापुढे फेरसुनावणी ठरताच तो निवाडा मागे घेतला गेला आणि ती होण्याआधीच, जानेवारी 2000 मध्ये, सरकारने नियम सैल केले. तेही मोकाट नव्हे. कोड कुठे ठेवला आहे ते ईमेलने सरकारला कळवायचे होतेच. प्रमाणित अल्गोरिदमांपुरती ती अट गेली 2021 मध्ये.

दरम्यान मार्च 2015 मध्ये 'फ्रीक' नावाची त्रुटी उघडकीस आली. निर्यातीसाठी मुद्दाम दुबळे केलेले 512 बिटांचे आरएसए असंख्य सर्व्हरांमध्ये तसेच पडून होते. संवादाच्या मध्ये शिरलेल्या हल्लेखोराने डाव साधला, तर ओपनएसएसएल आणि अ‍ॅपलचे सॉफ्टवेअर ती दुबळी किल्ली निमूट स्वीकारत होते. भाड्याच्या संगणकांवर अशी किल्ली फोडायला सुमारे शंभर डॉलर आणि काही तास पुरत. असुरक्षित ठरलेल्या संकेतस्थळांत अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे, एनएसएचे, संकेतस्थळही होते. ओपनएसएसएलमधून निर्यातीसाठीचे हे दुबळे एन्क्रिप्शन-संच समूळ निघाले 2016 च्या 1.1.0 आवृत्तीत, नियम सैल होऊन सोळा वर्षे झाल्यावर.