फाशी आणि उशिरा आलेले सत्य

चंपानगरीच्या सुदर्शन शेठची कथा आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. राणी अभयाने केलेला खोटा आरोप, तो खरा मानून राजाने फर्मावलेला देहदंड आणि या सर्व प्रसंगी शेठने पाळलेले मौन, एवढा त्या कथेचा गाभा होय. पुढे शूळाचे सिंहासन झाले असे काही ग्रंथकार सांगतात, तर तलवारीच्या घावाची पुष्पमाला झाली असे अन्य परंपरेत वर्णिले आहे. तथापि या कथेतील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. देहदंड देणारा राजा दुष्ट नव्हता. समोर आलेली साक्ष त्याला विश्वासार्ह वाटली, गुन्हा घोर वाटला आणि म्हणून त्याने आज्ञा दिली. आपण न्यायच करीत आहोत, अशीच त्याची श्रद्धा होती.

कथेत शीलाच्या प्रभावाने राजाची चूक वेळीच उघड झाली. इतिहासात मात्र शूळाचे सिंहासन होत नाही. तेथे चूक उघड होते ती कागदपत्रांतून, नव्या पुराव्यांतून, आणि पुष्कळदा फार उशिरा. विसाव्या शतकातील लंडनमध्ये आणि एकविसाव्या शतकातील आपल्याच महाराष्ट्रात घडलेल्या दोन प्रकरणांवरून हे स्पष्ट होते.

रिलिंग्टन प्लेसचे घर

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात लंडनच्या नॉटिंग हिल भागात १०, रिलिंग्टन प्लेस या जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर टिमोथी एव्हन्स हा तरुण पत्नी बेरिल आणि तान्ही मुलगी जेराल्डिन यांच्यासह राहत असे. तो व्हॅन चालवून पोट भरी. लिहिणे-वाचणे त्याला जेमतेमच येई. तळमजल्यावर जॉन ख्रिस्टी नावाचा मध्यमवयीन गृहस्थ सपत्नीक राहत होता. युद्धकाळात तो राखीव पोलीस म्हणून काम करून आला होता.

३० नोव्हेंबर १९४९ रोजी एव्हन्स वेल्समधील मर्थर टिडफिल या आपल्या गावच्या पोलीस ठाण्यात स्वतःहून गेला आणि पत्नी मरण पावल्याचे त्याने सांगितले. प्रथम त्याने एक हकिगत सांगितली, नंतर ती बदलली. दुसऱ्या हकिगतीत त्याने ख्रिस्टीचे नाव घेतले. बेरिलचा गर्भपात करून देतो असे ख्रिस्टीने सांगितले होते आणि त्यातच तिचा अंत झाला, असे त्याचे म्हणणे होते. त्या काळी इंग्लंडमध्ये गर्भपात बेकायदेशीर होता. २ डिसेंबरला घरामागील धुण्याच्या खोलीत बेरिल आणि जेराल्डिन या दोघींचे मृतदेह सापडले. दोघींचाही गळा आवळलेला होता. एव्हन्सला लंडनला आणण्यात आले आणि तेथे त्याने दोन्ही हत्यांच्या कबुलीवर सही केली. त्या कबुलीतील शब्द त्याचे स्वतःचे किती आणि पोलिसांचे किती, यावर पुढे अनेक वर्षे वाद झाला.

खटला मुलीच्या हत्येपुरता चालला. ११ जानेवारी १९५० रोजी तो सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी संपला. एव्हन्सने न्यायालयात कबुली नाकारली आणि ख्रिस्टीच खरा गुन्हेगार असल्याचे सांगितले. परंतु सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार होता तो ख्रिस्टीच. एका बाजूस वारंवार जबाब बदलणारा अर्धशिक्षित तरुण आणि दुसऱ्या बाजूस शांतपणे बोलणारा, पोलिसांत काम केलेला शेजारी. यांत ज्यूरीने कोणावर विश्वास ठेवला हे सांगावयास नको. निर्णयास त्यांना अवघी ४० मिनिटे लागली. खुनाच्या गुन्ह्यास त्या वेळी फाशीखेरीज दुसरी शिक्षा नव्हती. अपील फेटाळले गेले, गृहमंत्री चुटर ईड यांनी फाशी थांबविण्यास नकार दिला, आणि ९ मार्च १९५० रोजी पेंटनव्हिल तुरुंगात २५ वर्षांच्या एव्हन्सला फाशी देण्यात आली.

त्यानंतर तीन वर्षांनी, मार्च १९५३ मध्ये, ख्रिस्टी घर सोडून गेल्यावर दुसऱ्या एका भाडेकरूस त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीचा एक भाग पोकळ लागला. त्यावरील कागद फाडला तेव्हा आत तीन स्त्रियांचे मृतदेह आढळले. जमिनीखाली ख्रिस्टीच्या पत्नीचा देह होता आणि बागेत आणखी दोन स्त्रियांचे सांगाडे. बागेतील हत्या १९४३ आणि १९४४ मधील होत्या. उरलेल्या चार एव्हन्सच्या फाशीनंतरच्या. बेरिलचाही खून आपणच केल्याचे ख्रिस्टीने सांगितले. १५ जुलै १९५३ रोजी त्याच पेंटनव्हिल तुरुंगात, त्याच जल्लादाच्या हातून ख्रिस्टीला फाशी झाली.

या प्रकरणातील सर्वांत विदारक बाब अशी, की १९४९ मध्ये पोलिसांनी घराची आणि बागेची झडती घेतली तेव्हा एका मानवी मांडीचे हाड बागेच्या कुंपणाला आधार म्हणून उघड्यावर उभे होते. ते कोणाच्याही लक्षात आले नाही. सत्य लपलेले नव्हते. ते पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते. एव्हन्स दोषी आहे असे मनाने एकदा ठरविल्यावर अन्य काही शोधण्याची गरज त्यांना वाटली नाही.

चूक मान्य करण्यास लागलेला काळ

चूक होणे एक आणि ती मान्य करणे दुसरे. १९५३ मध्ये घाईघाईने झालेल्या चौकशीने एव्हन्सच दोन्ही हत्यांचा अपराधी असल्याचा निष्कर्ष काढला. परंतु लोकांचे समाधान झाले नाही. ज्या चुटर ईड यांनी १९४८ मध्ये फाशी रद्द करण्यास संसदेत विरोध केला होता आणि १९५० मध्ये एव्हन्सची फाशी कायम ठेवली होती, त्यांनीच १९५५ मध्ये त्याच संसदेत आपल्या हातून चूक झाली असण्याची शक्यता बोलून दाखविली. १९६१ मध्ये लुडोव्हिक केनेडी यांनी या प्रकरणावर ग्रंथ लिहून चौकशीतील दोष एकेक करून मांडले. १९६५ मध्ये ब्रिटनच्या संसदेने खुनासाठीची फाशी प्रथम पाच वर्षांकरिता स्थगित केली आणि १९६९ मध्ये तो निर्णय कायम केला. एव्हन्स हे त्यामागील एकमेव कारण नव्हते. परंतु त्या चर्चेत त्याचे नाव वारंवार घेतले गेले.

दुसऱ्या चौकशीनंतर १८ ऑक्टोबर १९६६ रोजी राणीने एव्हन्सला मरणोत्तर माफी दिली. म्हणजे न केलेल्या अपराधाची ‘माफी’, तीही फाशीनंतर १६ वर्षांनी. पत्नीच्या हत्येचा डाग तेव्हाही पुरता पुसला गेला नव्हता. २००३ मध्ये त्याच्या बहिणींना भरपाई मंजूर होईपर्यंत अर्धशतक उलटून गेले होते.

नाशिकचे सहा आरोपी

वरील प्रकरण परक्या देशातील व जुन्या काळातील म्हणून सोडून देता येण्याजोगे नाही. इंग्रजांनी १८६० मध्ये केलेल्या भारतीय दंड संहितेने येथेही फाशीची शिक्षा कायद्यात आणली. स्वातंत्र्यानंतर ती कायम राहिली. मात्र १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फाशी देताना विशेष कारणे नोंदविणे बंधनकारक केले, आणि १९८० मध्ये बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती केवळ ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ प्रकरणातच द्यावी असा दंडक घालून दिला. त्या निर्णयाशी असहमत असलेले न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी आपल्या निकालपत्रात न्यायाच्या चुकीचा आणि ती भरून न निघण्याचा मुद्दा आग्रहाने मांडला होता.

जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात दरोडेखोरांनी एका कुटुंबावर हल्ला केला. पाच जणांचे प्राण गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. एक माता आणि तिचा पुत्र तेवढे वाचले. भटक्या जमातीतील सहा गरीब पुरुषांवर खटला चालला. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली; परंतु ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. त्यांपैकी एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर निष्पन्न झाले. त्यांची फेरविचार याचिकाही एकदा फेटाळली गेली.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निर्णय दिला, की फाशीच्या प्रकरणातील फेरविचार याचिका खुल्या न्यायालयात, तोंडी युक्तिवाद ऐकूनच निकाली काढावी. त्यामुळे बंद झालेले दार पुन्हा उघडले. फेरसुनावणीत असे आढळले, की घटनेनंतर लगेचच त्या वाचलेल्या मातेने पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार जणांना ओळखले होते, आणि ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्यांच्याविरुद्ध तपास पुढे गेलाच नाही. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली, प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य शासनास दिला आणि तपासातील दोषांबद्दल कठोर ताशेरे ओढले. तोवर त्यांची सुमारे १६ वर्षे तुरुंगात गेली होती.

लंडनच्या बागेतील हाड आणि नाशिकच्या पोलिसांकडील ती छायाचित्रे यांत विलक्षण साम्य आहे. दोन्ही ठिकाणी निरपराधाच्या बाजूचा पुरावा आरंभापासून तपास यंत्रणेच्या हाताशी होता. फरक एवढाच, की लंडनमध्ये अटकेपासून फाशीपर्यंत जेमतेम तीन महिने गेले, आणि नाशिकच्या प्रकरणात न्यायालयाला स्वतःचीच चूक सुधारण्यास दहा वर्षे मिळाली. फाशी लवकर द्यावी अशी मागणी वेळोवेळी होते. ती मागणी मान्य झाली असती तर २०१९ चा निकाल सहा मृतांच्या नावे लिहावा लागला असता.

घोर गुन्हा आणि घाईचा न्याय

फाशीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा संताप खोटा नसतो. ज्या घरातील पाच जिवलग एका रात्रीत गेले, त्या घराचे दुःख कोणत्याही युक्तिवादाने हलके होत नाही. परंतु गुन्हा जितका घोर, तितका कोणाला तरी पकडण्याचा तपास यंत्रणेवरील दबाव मोठा. त्या दबावात सापडतो तो बहुधा गरीब, अशिक्षित, ज्याची बाजू मांडणारे कोणी नाही असा मनुष्य. म्हणून जेथे शिक्षा सर्वांत मोठी, तेथेच चुकीचा धोकाही मोठा असतो. शिवाय चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की खऱ्या गुन्हेगाराला अभय मिळते. एव्हन्सला फासावर चढविल्यानंतर ख्रिस्टीने आणखी चार स्त्रियांचे प्राण घेतले. नाशिकच्या त्या कुटुंबाला तर १६ वर्षांनंतरही खरे अपराधी कोण हे कळले नाही.

२०१५ मध्ये भारताच्या विधी आयोगाने दहशतवादाशी संबंधित गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही फाशीची शिक्षा आहे. यापुढे काय करावे हे संसद आणि न्यायालये ठरवतील. समाजाच्या हाती मात्र एक गोष्ट निश्चित आहे. एखाद्या भयंकर गुन्ह्याची बातमी येताच ‘लटकवा त्यांना’ असा घोष करण्यापूर्वी, पकडलेला मनुष्य खरोखर तोच आहे का, हा प्रश्न विचारण्याचा संयम तो पाळू शकतो.

सुदर्शन शेठच्या कथेत शेवटी राजाला पश्चात्ताप झाला आणि शेठची क्षमा मागण्याची संधीही त्याला लाभली, कारण शेठ जिवंत होता. चुटर ईड यांच्या वाट्यास ती संधी आली नाही.