वाळवंट तेच, कुंपण नवे

दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टा नावाचे एक बंदर आहे. १८६६ च्या सुमारास तिथे एका जहाजातून शंभरावर उंट उतरले. ते कराचीहून आले होते. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती, म्हणजे एका अर्थी आपल्याच घरचे. उंटांबरोबर त्यांना हाकणारे पठाण, बलुची, सिंधी आले. गोऱ्यांनी त्यांना सरसकट ‘अफगाण’ करून टाकले. तारेचे सामान, लोकरीचे गठ्ठे, खाणीवरच्या माणसांचे पीठमीठ याच उंटांनी वाळवंट तुडवत वाहिले. ॲडलेडहून डार्विनला जाणाऱ्या गाडीला आजही ‘घॅन’ म्हणतात, ते त्यांच्याच नावावरून.

पुढे १९०१ साली कायदा आला. येणाऱ्याने युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा ऐकून लिहायचा. भाषा कोणती, ते अधिकारी ठरवणार! नापास कोणाला करायचे, ते आधीच ठरलेले असे.

हे सगळे सांगायचे कारण असे की, त्याच बंदराच्या पलीकडे, त्याच वाळवंटात वुमेरा आहे. १९९९ च्या नोव्हेंबरात तिथे आश्रय मागणाऱ्यांसाठी छावणी उघडली. जागा चारशेंची, वर्षभरात माणसे चौदाशेच्या घरात गेली. त्यांत तालिबानपासून पळालेले अफगाण पुष्कळ होते. या वेळी मात्र ते काटेरी तारेच्या आत होते.

‘स्थानबद्ध’ हा शब्द आपल्याकडे १९७५ च्या आणीबाणीने घरोघरी पोहोचवला. ऑस्ट्रेलियात तो १९९२ साली कायम मुक्कामाला आला. कंबोडिया, व्हिएतनामकडून होड्या येत होत्या. कीटिंग यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने कायदा केला, विरोधकांनी साथ दिली. गुन्हा नाही, खटला नाही. व्हिसाशिवाय आलात, आत चला. आरंभी निदान २७३ दिवसांची मर्यादा होती. १९९४ पासून तीही गेली. कैद्याला सुटकेची तारीख ठाऊक असते, यांना तीही नव्हती. २००२ च्या जानेवारीत वुमेरात उपोषण झाले, तेव्हा काहींनी स्वतःचे ओठ सुईदोऱ्याने शिवून घेतले. मी शब्दांवर जगणारा माणूस. ती बातमी वाचली त्या दिवशी मला एक ओळही लिहिता आली नाही.

कायद्याच्या बाजूनेही बोलणारे होते, आणि त्यांना वेडगळ म्हणून उडवून लावता येत नाही. दार सताड उघडे ठेवले तर माणसांचे दलाल फुटक्या होड्या भरभरून पाठवतील, माणसे बुडतील, असे ते म्हणत. माणसे बुडालीही. २००१ च्या ऑक्टोबरात एका होडीबरोबर ३५३ जण गेले. पण त्यांत बहुतेक बायका-मुले का होती? कारण १९९९ पासून तात्पुरता व्हिसा मिळालेल्याला बायको-मुलांना रीतसर बोलावण्याची बंदी होती. त्यांना होडीशिवाय वाटच उरली नव्हती. हे उत्तर त्या युक्तिवादात सहसा येत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या ‘टँपा’ जहाजाने चारशेवर माणसे समुद्रातून वाचवली. हॉवर्ड सरकारने त्यांना किनाऱ्याला लागू दिले नाही आणि नोव्हेंबरात निवडणूक जिंकली. मग नौरू आणि मानुस बेटांवर छावण्या निघाल्या.

२००४ साली कुवेतमध्ये जन्मलेल्या एका देशहीन पॅलेस्टिनी तरुणाचा खटला सर्वोच्च पातळीवर गेला. त्याला घ्यायला कोणताच देश तयार नव्हता. मग जन्मभर डांबून ठेवायचे का? चार विरुद्ध तीन अशा मतांनी न्यायालय म्हणाले, कायद्याने ते चालते.

मानुसवर २०१३ पासून अडकलेल्या बेहरूझ बूचानी या कुर्दी लेखकाने मोबाइलवर फारसीत निरोपांमागून निरोप पाठवून अख्खे पुस्तक लिहिले. २०१९ च्या जानेवारीत त्याला व्हिक्टोरिया राज्याचा सर्वांत मोठा साहित्य पुरस्कार मिळाला. समारंभाला तो जाऊ शकला नाही. तेव्हाही तो मानुसवरच होता.

२००४ चा निकाल त्याच न्यायालयाने २०२३ च्या नोव्हेंबरात फिरवला. जिला पाठवायला नजीकच्या काळात देशच मिळणार नाही, अशा व्यक्तीला अनिश्चित काळ कोंडता येत नाही, असे सातही न्यायमूर्तींनी ठरवले. दीडशेच्या आसपास माणसे बाहेर आली. आठवडाभरात संसदेने त्यांच्यासाठी घाईघाईने नवा कायदा केला, आणि पुष्कळांच्या पायात मागोवा घेणारे यंत्र अडकवले गेले. २०२४ च्या नोव्हेंबरात तेही न्यायालयाने रद्द ठरवले. १९९२ चा मूळ कायदा मात्र अजून लागू आहे.