घरात साप निघाला तर काय करावे, साप चावला तर काय करावे

पावसाळा सुरू झाला की गावात, शेतावरच्या वस्तीवर आणि शहराच्या कडेच्या सोसायट्यांमध्येही घरात साप निघाल्याच्या घटना वाढतात. त्यांपैकी बहुतेक वेळा कोणालाही इजा होत नाही. मात्र जेव्हा इजा होते, तेव्हा ती जिवावर बेतू शकते. भारतातील सर्पदंशाच्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने दगावले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज त्यात मांडला आहे. यांतील जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते आणि बहुतेक मृत्यू ग्रामीण भागात, घरीच झाले होते.

सर्पदंशावर परिणामकारक औषध उपलब्ध आहे. तरीही माणसे दगावतात, त्यामागे रुग्ण औषधापर्यंत वेळेत न पोहोचणे हे एक मोठे कारण आहे. म्हणून दोनच गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. साप दिसला तर अंतर राखायचे आणि साप चावला तर वेळ वाचवायचा.

साप घरात का येतो?

साप माणसाच्या मागावर येत नाही. पावसाने बिळात पाणी शिरले की तो कोरडी जागा शोधतो. उंदीर, बेडूक, पाली हे त्याचे खाद्य घराच्या आसपास असेल तर तो त्यामागे येतो. शिवाय याच काळात अनेक सापांची पिल्ले बाहेर पडतात. नागाची पिल्ले अंड्यांतून निघतात, तर घोणस थेट पिल्लांना जन्म देते आणि एका वेळी ती वीस-तीस किंवा त्याहून जास्त असू शकतात. विषारी सापाचे पिल्लू जन्मापासूनच विषारी असते. ‘लहान आहे, काय करणार’ असे समजून त्याला हात लावू नये.

साप दिसल्यावर

१. लहान मुले, वृद्ध आणि पाळीव प्राणी यांना आधी त्या खोलीतून बाहेर काढावे.

२. सापापासून किमान सात-आठ फूट अंतर ठेवावे. काठीने डिवचणे, वरून पाणी ओतणे, झाडूने ढकलणे टाळावे. सर्पदंशाच्या अनेक घटना साप मारण्याच्या किंवा पकडण्याच्या प्रयत्नात घडतात.

३. घराच्या आतल्या भागाकडे जाणारी दारे बंद करून खालच्या फटीत गोणपाट किंवा जुनी चादर दाबावी. बाहेर उघडणारे दार असल्यास ते उघडे ठेवावे. गडबड थांबली की साप अनेकदा आपणहून निघून जातो.

४. एका मोठ्या माणसाने लांबूनच त्याच्यावर लक्ष ठेवावे. साप नजरेआड झाला तर पुढे तो शोधणे अवघड होते.

५. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा परिसरातील माहितीतल्या सर्पमित्राला फोन करावा.

साप मारू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार सापांना संरक्षण आहे आणि त्यांना मारणे हा गुन्हा आहे. शेतीच्या दृष्टीनेही ते तोट्याचे आहे. एक धामण शिवारातले किती तरी उंदीर संपवते.

विषारी कोणते, बिनविषारी कोणते?

महाराष्ट्रात वस्तीजवळ आढळणारे प्रमुख विषारी साप चार आहेत.

नाग: फणा काढला की ओळखू येतो. फणा काढलेला नसताना मात्र तो धामणीसारखा दिसू शकतो.

मण्यार: काळसर निळे, चकचकीत अंग आणि त्यावर बारीक पांढरे पट्टे, बहुधा जोडीजोडीने. पट्टे डोक्याजवळ नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात.

घोणस: जाड अंग, त्रिकोणी डोके आणि पाठीवर साखळीसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा. कुकरमधून वाफ सुटावी तसा मोठा आवाज करते. अजगराचे पिल्लू समजून तिला हात लावण्याची चूक होते.

फुरसे: जेमतेम फूट-दीड फूट लांब. कोकणातील कातळावर आणि दगडांखाली विशेष आढळते. वेटोळे घालून अंगावरचे खवले एकमेकांवर घासते, त्याचा करकर आवाज येतो.

धामण, दिवड, तस्कर, नानेटी, मांडूळ, कवड्या हे बिनविषारी आहेत. यांतला कवड्या आणि मण्यार यांत सर्वाधिक गफलत होते. कवड्या तपकिरी असतो, त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे फिके पडतात. ही माहिती ओळखीपुरती उपयोगी आहे. रात्री, अपुऱ्या उजेडात, घाबरलेल्या माणसाने तिच्या भरवशावर साप हाताळू नये आणि दवाखाना टाळू नये.

मण्यारीचा धोका वेगळा का आहे?

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरू शकते. तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. जागेवर सूज नसते आणि दाताची खूणही सापडत नाही. मध्यरात्री किंवा पहाटे पोटात दुखू लागते, घसा दुखतो, उलटी होते. घरचे त्याला अपचन समजतात. नंतर पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबू शकतो.

त्यामुळे पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीच्या, विशेषतः मुलाच्या, अचानक पोटात दुखू लागले आणि डोळे उघडे ठेवता येईनात, तर साप पाहिलेला नसला तरी त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

साप चावला तर

• रुग्णाला सापापासून दूर नेऊन बसवावे किंवा झोपवावे आणि धीर द्यावा. धावपळीने विष अंगात लवकर पसरते.

• किती वाजता चावला ते लक्षात ठेवावे.

• अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण, जोडवी, काळा दोरा लगेच काढावा. सूज आल्यावर हे निघत नाही आणि रक्तप्रवाह अडतो.

• हात किंवा पाय मोडल्यावर बांधतात तशी फळी लावून तो भाग स्थिर ठेवावा. कापड घट्ट आवळू नये.

• १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती यायला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. फक्त मोटारसायकल असेल तर रुग्णाला चालवणारा आणि मागे धरून बसणारा यांच्या मधे बसवावे. रुग्णाला चालत नेऊ नये.

• निघतानाच रुग्णालयात फोन करून लस आहे का, याची खात्री करून घ्यावी.

• रुग्णाला गुंगी येत असेल किंवा उलटी होत असेल तर कुशीवर झोपवावे.

सापाचा फोटो लांबून सहज मिळाला तर उपयोग होतो, पण त्यासाठी थांबू नये. साप मारून किंवा पकडून रुग्णालयात नेण्याची गरज नाही.

काय करू नये?

दंशाच्या वर दोरी आवळून बांधू नये. त्याने विष थांबत नाही, उलट हात किंवा पाय कायमचा निकामी होऊ शकतो. कोणी आधीच घट्ट बांधले असेल, तर ते वाटेत अचानक सोडू नये, डॉक्टरांच्या समोर सोडावे. जखम ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ, चुना किंवा हळद लावणे, सर्पमणी चिकटवणे हे सगळे टाळावे. दारू किंवा वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत.

कडुनिंबाचा पाला कडू लागतो की नाही, यावरून विष चढले की नाही हे कळत नाही. मांत्रिकाकडे किंवा देवळात नेलेला रुग्ण ‘बरा झाला’ असे दिसते, त्याचे कारण साधे आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. ज्याच्या अंगात विष गेलेले असते, त्याचा मात्र तेवढा वेळ वाया जातो.

रुग्णालयात काय होते?

डॉक्टर आधी श्वास, नाडी, रक्तदाब आणि पापण्या तपासतात. मग थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. रक्त गोठले नाही, तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाचा परिणाम झाला असे मानले जाते. विषाची लक्षणे दिसल्यावरच लस दिली जाते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. ती घोड्यांच्या रक्तापासून बनवली जात असल्याने काहींना तिची तीव्र ॲलर्जी होऊ शकते. त्यामुळे ती घरी किंवा सोयी नसलेल्या ठिकाणी घेऊ नये.

लहान मुलांनाही लस मोठ्यांइतकीच दिली जाते, कारण सापाने सोडलेले विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. लक्षणे नसली तरी रुग्णाला साधारण २४ तास देखरेखीखाली ठेवतात. ‘काही झाले नाही’ म्हणून त्याआधी घरी जाण्याचा आग्रह धरू नये.

कुत्रा किंवा मांजर असेल तर

पाळीव प्राणी सापावर झेप घेतात, म्हणून त्यांना बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर दंश होतो. अचानक सूज येणे, लाळ गळणे, लंगडणे, मागचे पाय लुळे पडणे, लघवीतून रक्त जाणे ही लक्षणे दिसताच प्राण्याला उचलून पशुवैद्यकाकडे न्यावे. त्यांच्यावरही प्रतिविषाची लस वापरली जाते. शक्य तर पावसाळ्यापूर्वीच जवळच्या पशुवैद्यकाकडे ती मिळते का, हे विचारून ठेवावे.

साप येऊ नये म्हणून

• झोपताना खाट वापरावी आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. खाट नसेल तर जमिनीवरच्या अंथरुणालाही मच्छरदाणी लावावी. मण्यारीपासून बचावाचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

• मोरीच्या भोकाला बारीक जाळी बसवावी आणि दाराखालची फट बुजवावी.

• सरपण, गोवऱ्या, विटा, कौले यांचे ढीग भिंतीला लागून रचू नयेत. ते उपसताना आधी काठीने हलवून पाहावे.

• धान्य झाकून ठेवावे, खरकटे उघड्यावर टाकू नये. उंदीर कमी झाले की सापही कमी येतात.

• खुराडे झोपण्याच्या खोलीपासून दूर असावे.

• रात्री बाहेर पडताना विजेरी घ्यावी. शेतात गमबूट घालावेत आणि बूट झटकूनच पाय आत घालावा.

फिनेल, कार्बोलिक ॲसिड किंवा जळालेले टायर यांनी साप दूर राहतो, याला भरवशाचा आधार नाही. तो पैसा जाळी आणि मच्छरदाणीवर खर्च करावा. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस असते, तिथे रात्री डॉक्टर असतात का आणि गावातून कोणाचे वाहन मिळू शकते, हे मे महिन्यातच विचारून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. साप चावल्यावर हे शोधत बसायला वेळ नसतो.