आज्ञाधारक यंत्राचे फासे

१९४६ साली गणितज्ञ स्टॅनिस्लाव्ह उलाम आजारातून उठत असताना पेशन्स हा एकट्याने खेळावयाचा पत्त्यांचा डाव मांडून वेळ काढीत. डाव सुटण्याची संभाव्यता सूत्राने काढणे त्यांना दुष्कर वाटले. त्यापेक्षा शंभर डाव खेळून सुटलेले मोजावेत, हे सोपे! हा विचार त्यांनी जॉन फॉन नॉयमन यांच्या कानी घातला. मार्च १९४७ मध्ये फॉन नॉयमन यांनी एका पत्रात त्याचा सविस्तर आराखडा मांडला. प्रश्न अण्वस्त्रांतील न्यूट्रॉनांचा होता. हेतू संहाराचा होता, हे झाकण्याचे कारण नाही.

न्यूट्रॉन अणुकेंद्रकावर आदळला की पुढे काय होते? समजा, शंभरांतून साठ वेळा तो दिशा बदलतो, तीस वेळा शोषला जातो, दहा वेळा विखंडन घडवितो. मग ० ते ९९ मधील एक यादृच्छिक संख्या घ्यावी. ती ५९ पर्यंत असेल तर यंत्राने दिशा बदलण्याची आज्ञा पाळावी, ६० ते ८९ असेल तर शोषणाची, त्यापुढे विखंडनाची. ज्या शक्यतेचे वजन अधिक, तिच्या वाट्याला संख्याही अधिक.

परंतु दिलेल्या आज्ञेबाहेर तसूभरही न जाणाऱ्या यंत्राने यदृच्छा आणावी कोठून? फॉन नॉयमन यांनी तोड काढली : संख्येचा वर्ग करून मधले अंक उचलावेत. १२३४ चा वर्ग १५२२७५६. आरंभी शून्य लिहून आठ अंक केले की मधले चार ५२२७. त्याच रीतीने पुढची संख्या ३२१५. दिसावयास स्वैर, वस्तुतः प्रत्येक आधीच ठरलेली. आणि रीत फसतेही. ३७९२ चा वर्ग १४३७९२६४. मधले अंक पुन्हा ३७९२! तेथे यंत्र जे अडकते ते कायमचे. कोणाही विद्यार्थ्याने वहीत हे करून पाहावे.

१९४८ च्या वसंतात एनिॲक या संगणकावर ही आकडेमोड पार पडली. तिच्या आज्ञावलीचे फार मोठे काम क्लारा फॉन नॉयमन यांनी केले. गणिताची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पद्धतीला ‘माँटे कार्लो’ हे नाव निकोलस मेट्रोपोलिस यांनी सुचविले, कारण उलाम यांचे एक वडीलधारे नातलग तेथील जुगारासाठी आप्तांकडून पैसे उसने घेत. १९४९ चा प्रसिद्ध लेख मेट्रोपोलिस व उलाम यांच्या नावे निघाला. जुगारी नातलगाची आठवण अशी पद्धतीच्या नावातच राहिली. क्लारा यांच्या कामाची नीट दखल इतिहासकारांनी घेतली ती एकविसाव्या शतकात.