चाकांवरच्या घराचे कवच

मोटारीमागे जोडून ओढीत न्यावयाच्या घराला अमेरिकेत ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. कोणी त्यात सुट्टी घालवतो, तर कोणी नोकरीतून निवृत्त झाल्यावर घरदार विकून त्यातच संसार थाटतो. असा ट्रेलर घेणाऱ्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो: बाहेरचे आवरण ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे घ्यावे की फायबरग्लासचे? प्रश्न दुकानातला दिसतो. परंतु त्याचे उत्तर या दोन वस्तूंच्या इतिहासात सापडते.

या घराचा मूळ शत्रू पाऊस होय. १९२९ साली डेट्रॉइटचे जंतुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन उघडमिटीचा तंबूवजा ट्रेलर घेऊन सहकुटुंब सहलीस निघाले. वादळी पावसाने गाठले, आणि तो उभारता उभारता सारी मंडळी चिंब झाली. तेव्हा त्यांनी पक्क्या भिंतींची पेटी स्वतःच बांधवून घेतली व पुढे तिचाच कारखाना काढला. तिच्या भिंती लाकडाचे तंतू दाबून केलेल्या तक्त्यांच्या होत्या.

ॲल्युमिनियम आले ते विमानांच्या वाटेने. १९२७ साली लिंडबर्गने ज्या विमानातून अटलांटिक ओलांडला, त्याच्या बांधणीवर देखरेख करणारा हॉली बोलस हा ग्लायडरांचा कारागीर. त्याने १९३४ साली विमानासारखेच पत्रे रिव्हेटांनी जोडून ट्रेलर बांधला. १९३६ साली वॉली बायम याने त्याच धर्तीवर एअरस्ट्रीमचा ‘क्लिपर’ काढला. दुसऱ्या महायुद्धात हा धातू विमानांसाठी राखला गेला. युद्धानंतर तो पुन्हा मुबलक झाला. मग स्वस्त ट्रेलरांसाठी लाकडी चौकटीवर पातळ पन्हळी पत्रा ठोकण्याची रीत रूढ झाली.

फायबरग्लास म्हणजे राळेत भिजवून घट्ट केलेले काचेचे तंतू. त्याच्या होड्या झाल्या. १९५३ साली कॉर्व्हेट मोटारीचे अंग त्याचे झाले. कॅनडातील विनिपेग येथे रे ओलेको याने आधी त्याची मैल्याची टाकी बनवली होती. १९६८ साली त्याने साच्यातून काढलेली दोन अर्धी कवचे एकमेकांवर बसवून ‘बोलर’ नावाचा छोटा ट्रेलर तयार केला. आज मात्र ‘फायबरग्लासचा’ म्हणून विकला जाणारा ट्रेलर बहुधा निराळा असतो. त्याची भिंत थरांची असते: बाहेर फायबरग्लासचा पातळ तक्ता, मागे प्लायवुड, मध्ये फोम, आणि सारे सरसाने चिकटवलेले.

आता गुणदोष पाहू. गारा पडल्या की पत्र्याला पोचे पडतात. पण खराब पट्टी तेवढी काढून नवी बसवता येते. आपल्या एस्. टी.च्या जुन्या गाड्यांवरील रिव्हेटांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही सोय समजावून सांगावयास नको. मात्र जितक्या पट्ट्या तितके सांधे, आणि सांधा गळला की मागचे लाकूड गुपचूप कुजते. थरांची भिंत गुळगुळीत, दिसण्यास देखणी आणि वाऱ्याला कमी अडणारी, पण महाग. तिच्यात खिडकीच्या कडेने पाणी शिरले, की प्लायवुड सुटते, तक्ता फुगतो आणि दुरुस्तीसाठी सबंध भिंतच काढण्याची पाळी येते. साच्यातल्या कवचाला सांधे सर्वांत कमी. तडा गेल्यास ठिगळही लावता येते. परंतु प्रत्येक आकारास वेगळा साचा लागतो, म्हणून ते घर लहान आणि किंमत मोठी.

यातून एक गोष्ट उघड होते. पाणी पत्र्यातून शिरत नाही, काचतंतूंतूनही शिरत नाही. ते सांध्यातून शिरते. सांधा बुजवणे हे हाताचे काम आहे, आणि त्याला वेळ लागतो. अमेरिकेतील बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातील एल्कहार्ट व आसपासच्या गावांत बनतात. तेथील कारखान्यांत बहुतेक ठिकाणी युनियन नाही, आणि मजुरी पुष्कळदा नगावर मिळते. जेथे घाईला पैसा मिळतो, तेथे पहिली काटछाट न दिसणाऱ्या कामात होते. वर पत्रा असो वा फायबरग्लास, ती घाई पहिल्या मोठ्या पावसात बाहेर पडते.

कामगार तर दोन्हीकडे किंमत मोजतोच. रिव्हेट ठोकणाऱ्याचे कान जातात. राळ लावणाऱ्याच्या नाकात स्टायरिनची वाफ जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरिनचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ पदार्थांत केला. कामगाराला मोकळी हवा आणि पुरेसा वेळ हवा. ग्राहकाला न गळणारे घर हवे. या मागण्या एकमेकींच्या विरोधी नाहीत.

तेव्हा ज्याच्यापाशी पैसा बेताचा आणि हातात हत्यार आहे, त्याने पत्रा घ्यावा. ज्याला परवडते व लहान घर चालते, त्याने साच्यातले कवच घ्यावे. थरांची भिंत घेणाऱ्याने खिडक्यांखाली तळहात दाबून पाहावा, कुबट वास येतो का ते पाहावे. आणि कोणतेही आवरण असो, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सांधा तपासावा. कारखान्यात ज्या कामाला वेळ दिला गेला नसेल, तो निदान मालकाने द्यावा.