अस्सल पंपाचा आवाज

पेट्रोलपंप म्हटले की रस्त्याकडेचा, हातात नळी घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा पंप डोळ्यांपुढे येतो. मला लिहायचे आहे ते मोटारीच्या आतल्या पंपाविषयी. टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत पोचवायचे, एवढेच त्याचे काम. तो दिसत नाही, पण ऐकू येतो. त्या आवाजावरून मी एका माणसाला लबाड ठरवले, आणि मग या विषयाच्या मागे लागलो.

माझ्या जुन्या मोटारीचा पंप निकामी झाला तेव्हा आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी नाना पेठेतून नवा आणून बसवला. शोरूममध्ये सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी पैशांत काम झाले. जुना भाग नेहमी मागून घ्यावा, असे शहाणपण मला कोणीतरी शिकवलेले होते. त्यामुळे काम होईपर्यंत मी त्यांच्या डोक्यावर उभा राहिलो आणि जुना पंप पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून घरी आणला. दुसऱ्या दिवसापासून मागच्या सीटखालून एक बारीक, न थांबणारा सूर येऊ लागला. जुन्या पंपाने इतक्या वर्षांत असा सूर लावला नव्हता.

"डुप्लिकेट टाकलात," मी मिस्त्रींना म्हणालो.

"साहेब, माल चांगला आहे. आवाज कुठून येतोय ते बघावं लागेल. गाडी ठेवून जा."

मी गाडी ठेवली नाही. उलट सोसायटीतल्या दोघातिघांना सावध मात्र केले.

मुळात पंपाने आवाज करू नये ही अपेक्षा कधीची? पहिल्या मोटारींना पंपच नव्हता. 1908 साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत टाकी पुढच्या सीटखाली असे आणि पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनाकडे उतरे. टाकीत पेट्रोल कमी असेल आणि चढ उभा असेल तर इंजिनाची बाजू वर जाऊन पुरवठा तुटे. मग चालक मोटार वळवून उलट्या गियरमध्ये घाट चढत. पुढे इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पंप आला. आपल्याकडच्या फियाट टॅक्सीत हाच पंप होता. त्याचा आवाज इंजिनाच्या आवाजात विरघळून जाई, म्हणून त्याला वेगळा सूर असल्याचे कोणाला आठवत नाही. आठवतो तो ओला फडका. उन्हाळ्यात घाट चढताना पंपातल्या पेट्रोलची वाफ होई, गाडी बंद पडे, आणि मग पंपावर भिजलेले फडके ठेवून गाडीसह सगळे कुटुंब झाडाखाली बसे.

आवाजाचा खरा इतिहास सुरू होतो तो विलायतेतल्या एसयू कंपनीच्या विजेच्या पंपापासून. या दोन अक्षरांचा अर्थ स्किनर युनियन. हे स्किनर बंधू लंडनच्या एका जोडेविक्रेत्या घराण्यातले होते, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये चक्क चामड्याचा भाता होता. 1910 साली कंपनी स्थापन झाली आणि 1926 मध्ये ती मॉरिस यांनी विकत घेतली. तिचा विजेचा पंप पुढे मॉरिस मायनर, एमजी, जॅग्वार अशा कितीतरी मोटारींना लागला. त्यात विद्युतचुंबक डायफ्रॅम ओढून घेई, टोकाला पोचताच पॉइंट सुटून वीज तुटे, स्प्रिंग डायफ्रॅमला परत ढकले आणि पॉइंट पुन्हा जुळत. प्रत्येक फेरीला एक 'टिक'. चावी फिरवली की टिकटिक भराभर सुरू होई, कार्ब्युरेटरची वाटी भरत आली की मंदावे आणि भरली की थांबे. मग इंजिन सुरू करायचे.

ही टिकटिक म्हणजे चालकाचे वर्तमानपत्रच होते. इंजिन बंद असताना ती थांबतच नसेल तर कुठेतरी गळती असे. चालत्या गाडीत ती अचानक सैरावैरा धावू लागली तर टाकी रिकामी झालेली असे, कारण पंप हवा ओढत असे. मुळीच ऐकू आली नाही तर पॉइंट करपलेले किंवा अडकलेले. मग खाली उतरून पान्याच्या दांड्याने किंवा बुटाच्या टाचेने पंपाला एक टोला द्यायचा. त्या काळी मुका पंप हीच चिंता होती आणि आवाज हे जिवंतपणाचे लक्षण होते.

हे उलटे झाले ते फ्युएल इंजेक्शनमुळे. 1967 मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक यंत्रणा फोक्सवॅगनच्या मोटारीत आली. कॅलिफोर्नियातील धुराचे नियम हे त्यामागचे मोठे कारण. कार्ब्युरेटरला हलका दाब पुरे होता. इंजेक्शनला त्याच्या सुमारे दहापट दाब लागे, तोही अखंड. त्यासाठी आलेल्या पंपात एका बाजूला सरकलेल्या चाकाच्या खाचांतून रूळ फिरत आणि पेट्रोल पकडून पुढे ढकलत. प्रत्येक रुळाबरोबर दाबाची एक लाट उठे; त्या लाटांचा मिळून सूर होई. पुढे कडेला बारीक पाती असलेल्या चकतीचे टर्बाइन पंप आले. त्यांच्या लाटा लहान आणि दाट असल्याने सूर चढा, पण कितीतरी हलका. शिवाय पंप टाकीच्या आत पेट्रोलात बुडवून ठेवू लागले. तिथे तो थंड राहतो आणि त्याचा आवाजही दबतो. भारतात 1 एप्रिल 2000 पासून धुराचे नवे नियम देशभर लागू झाले, त्या सुमारास कार्ब्युरेटर मागे पडले आणि पंप सामान्य माणसाच्या मागच्या सीटखाली गेला. चावी फिरवल्यावर दोनेक सेकंद येणारी गुणगुण एवढीच त्याची खूण उरली. त्यापेक्षा जास्त काही ऐकू आले की आपण दचकतो.

दचकल्यावर आपल्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'डुप्लिकेट'. हा शब्द फार ऐसपैस आहे. मोटार कंपनीच्या खोक्यातला पंप बहुधा मोटार कंपनीने बनवलेलाच नसतो. तो बॉश किंवा डेन्सोसारख्या पुरवठादाराचा असतो, आणि तेच पुरवठादार आपल्या नावाच्या खोक्यातही पंप बाजारात विकतात. शिवाय स्वतःच्या नावाने पंप बनवणारे स्वतंत्र कारखानदार असतात. आणि दुसऱ्याचे नाव छापून विकणारे भामटेही असतात. आपल्या बोलण्यात या सगळ्यांची एकच मोट बांधली जाते. यातल्या भामट्यांची गय करावी असे मी म्हणत नाही; तो पंप महामार्गावर रात्री बंद पडतो तेव्हा प्रश्न सुराचा राहत नाही.

पण कानाने त्याला ओळखता येते का? मोबाइलवर डेसिबल मोजण्याचे ॲप घेऊन मी काही दिवस मागच्या सीटवर बसलो. वरून गेलेला पंखा, शेजारची रिक्षा, फोन धरण्याचा कोन, सगळे त्या आकड्यात मिसळत होते. शिवाय डेसिबलचे गणित सरळ नाही. तीनने आकडा वाढला तर ध्वनीची शक्ती दुप्पट होते, पण कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहाची वाढ लागते. दोन पंपांची तुलना करायची तर टाकीतले पेट्रोल, बॅटरीचा व्होल्टेज, गाळणी आणि बैठक सारखीच हवी. पेट्रोल तळाला गेले की तोच पंप मोठ्याने बोलतो. गाळणी तुंबली तर ओढाताणीत पेट्रोलात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात आणि अस्सल पंपही किंचाळतो. पंप बरा की वाईट हे दाब मोजणारे मीटर सांगते, ठरावीक वेळात मापाच्या बाटलीत किती पेट्रोल पडले ते सांगते, तो वीज किती खातो हे सांगते. कान फक्त काहीतरी बदलले आहे एवढेच सांगतो.

सगळ्यांत मोठा फरक बैठकीचा. तंबोऱ्याची तार भोपळ्याविना किती ऐकू येईल? पंपाची थरथर लहानच असते. ती टाकीच्या आणि गाडीच्या तळाच्या पत्र्यात उतरली की पत्रा भोपळ्याचे काम करतो. म्हणून पंपाच्या बुडाशी रबराची एक टोपी असते. ती थरथर तिथल्या तिथे गिळते. नव्या पंपाबरोबर ती दरवेळी येतेच असे नाही. जुनी चांगली असेल तर तीच पुन्हा चढवतात.

हे वाचल्यावर मी माळ्यावरचे खोके काढले. जुन्या पंपाच्या बुडाला काळी रबरी टोपी घट्ट चिकटलेली होती. पुरावा म्हणून मी जो भाग हिसकावून आणला, त्याच्याबरोबरच ती आली होती.

मिस्त्रींनी टोपी बोटांनी दाबून पाहिली. पेट्रोलमध्ये राहून ती फुगली होती, म्हणून त्यांनी खणातून दुसरी काढली. टाकी उघडून पंप पुन्हा बसवायला तासभर लागला. चावी फिरवली. दोन सेकंद गुणगुण झाली आणि मग काही ऐकू आले नाही.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "तुम्ही घाई करत होतात, पण टोपी मी बघायला हवी होती."

पैसे त्यांनी फक्त टोपीचे घेतले. सोसायटीतल्या त्या दोघातिघांकडे मी त्याच संध्याकाळी गेलो. एकाने ऐकून घेतले. दुसरे म्हणाले, "असेल, पण आम्ही आता शोरूमलाच देतो."