मतमाउलीची यात्रा आणि चर्चचं पंचांग

सप्टेंबरचा दुसरा आठवडा जवळ आला की श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर एक वेगळीच गर्दी दिसायला लागते. हातात पिशवी, कडेवर पोर, पायांत चिखलानं जड झालेल्या चपला. कुणी संभाजीनगरकडून आलेलं, कुणी नाशिककडून, कुणी आपल्याच नेवासा-राहुरीकडून. काही जण तर गावापासून पायी चालत येतात. सगळ्यांना जायचं असतं हरेगावला, मतमाउलीच्या यात्रेला. त्या गर्दीत ख्रिस्ती बाया असतात आणि नवस बोललेल्या हिंदू-मुसलमान बायाही असतात.

आज या यात्रेच्या निमित्तानं चर्चच्या पंचांगाची गोष्ट सांगणार आहे. कॅथलिक चर्चचं वर्ष ठरतं रोममध्ये. मग ते आपल्या नगर जिल्ह्यातल्या ऊस-बाजरीच्या रानात कसं रुजलं? आणि ते सांभाळलं कुणी?

आधी हे पंचांग कसं असतं ते पाहू. त्यात दोन तऱ्हेचे सण असतात. काहींची तारीख पक्की असते. नाताळ २५ डिसेंबरला, मरियामातेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरला. काही सण मात्र सरकतात, आणि त्यांचा मेढ्या आहे ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणजे चर्चलाही चंद्राकडे बघावंच लागतं. ही पौर्णिमा बहुतेक वेळा आपल्या होळीची असते, नाहीतर हनुमान जयंतीची. २०२४ साली होळीची पौर्णिमा होती, ईस्टर आला ३१ मार्चला. २०२५ साली हनुमान जयंतीची होती, ईस्टर आला २० एप्रिलला. ईस्टरच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार येतो आणि तिथून उपवासकाळ सुरू होतो. पुढच्या वर्षी भिंतीवरच्या कालनिर्णयात पाहा, तुमचं तुम्हालाच गणित जमेल.

माझी आजी शाळेत गेली नव्हती. तिला हे गणित येत नव्हतं, पण तिचा एकही सण कधी चुकला नाही. तिचे सण रानातल्या कामांना बांधलेले होते. खुरपणी उरकता उरकता मतमाउली. ऊसतोड ऐन भरात आली की नाताळ. हरभरा उपटायला जायचे दिवस आले की राखेचा बुधवार. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये हातात झावळ्या घेऊन फिरतात. आपल्या रानात नारळ कुठला? ती ओढ्याकाठच्या शिंदीची पानं कापून न्यायची. घरी आणून ती दाराच्या चौकटीत खोचायची. याच वाळलेल्या पानांची राख पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात. एका वर्षाची टोकं अशी दुसऱ्या वर्षाला जोडलेली.

आता इतिहासाकडे वळू. नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनचे प्रॉटेस्टंट लोक १८३१ सालीच आले होते. कॅथलिक धर्मगुरू नंतर आले. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ तुम्ही ऐकला असेल. त्या काळात फादर ओटो वाइसहाउप्ट यांच्यासारखे जर्मन येशूसंघीय धर्मगुरू राहुरी तालुक्यात आले आणि केंदळ, वळण या भागात त्यांचं काम सुरू झालं. पुढे संगमनेर, राहाता असं ते पसरत गेलं.

ज्यांनी हा धर्म घेतला, त्यातले बहुतेक महार आणि मांग समाजातले होते. यात एक गोष्ट आपण नीट समजून घ्यायला हवी. गावच्या सणांत या माणसांना काम होतं, मान नव्हता. सणाला लाकडं वाहायची, निरोप पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं, आणि शेवटी देवळाबाहेर लांब उभं राहायचं. बायांनी भाकरतुकडा मागून आणायचा. गावच्या पंचांगात त्यांची जागा कडेला ठरलेली होती. चर्चच्या पंचांगात पहिल्यांदाच असा सण मिळाला, ज्यात ती माणसं मधोमध उभी राहिली. मिरवणुकीत मूर्ती त्यांच्या खांद्यावर, गाणं त्यांच्या तोंडात, पंगत त्यांच्या अंगणात. धर्म बदलला म्हणून जात लगेच सुटली असं नाही. पण स्वतःचा सण असणं ही साधी गोष्ट नव्हती.

अडचण एकच होती. गावं पुष्कळ आणि फादर मोजके. त्यात १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. इंग्रज सरकारनं जर्मन धर्मगुरूंना शत्रू देशाचे म्हणून अटकेत टाकलं आणि मग देशाबाहेर पाठवलं. खेड्यात फादर येणार कधी याचा भरवसा राहिला नाही. अशा वेळी सण कुणी चालवले? शिकवणाऱ्या मास्तरांनी आणि घरातल्या बायांनी. मिस्सा फादरांशिवाय होत नाही, पण जपमाळ होते, भजन होतं, सारवण होतं, पुरणपोळी होते. आजी म्हणायची, 'फादर आले तर मोठा सण, नाही आले तर आपला सण.'

शिवाय तेव्हाची मिस्सा लॅटिनमध्ये असायची. एक शब्दही कळायचा नाही. पुढे वेदीवर फादर लॅटिन बोलायचे आणि मागे बाया आपल्या मराठीत जपमाळ ओढत बसायच्या. भाषेची ही भिंत पडायला १९६३ साल उजाडावं लागलं. रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली होती. तिनं ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकांची भाषा वापरायला मोकळीक दिली. पुढे १९६९ साली दोन गोष्टी झाल्या. चर्चचं पंचांगच नव्यानं लावलं गेलं, आणि पेरणी-सुगीच्या प्रार्थनांचे दिवस त्या त्या देशाच्या बिशपांनी आपल्या हवामानाप्रमाणे ठरवावेत असं सांगण्यात आलं. युरोपातला वसंत आणि आपला वैशाख वणवा एक नाही, हे रोमनं मान्य केलं. त्याच वर्षी २५ एप्रिलला भारतातल्या चर्चसाठी बारा बदलांना मंजुरी मिळाली. चपला बाहेर काढायच्या, मांडी घालून बसायचं, हात जोडून नमस्कार करायचा, मेणबत्तीऐवजी समई लावली तरी चालेल, आरती ओवाळली तरी चालेल. आपल्या बाया जे घरात आधीपासून करत होत्या, त्याला कागदावर परवानगी मिळाली.

भारताच्या पंचांगात आणखीही बदल आहेत. संत थॉमस यांचा सण ३ जुलैला आपल्याकडे मोठ्या मानाचा. आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांचा दिवस ६ फेब्रुवारीला. येशूच्या स्वर्गारोहणाचा सण मुळात गुरुवारचा, पण भारतात तो रविवारी करतात, कारण गुरुवारी मजुरी बुडवून कोण येणार? १५ ऑगस्टला मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो, आणि स्वातंत्र्यदिनही. त्या दिवशी आपल्याकडे चर्चच्या आवारात आधी झेंडा आणि मग मिस्सा, किंवा आधी मिस्सा आणि मग झेंडा.

आता पुन्हा हरेगावला जाऊ. हरेगाव हे बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचं गाव. कारखाना आणि त्याची उसाची शेती म्हणून चहूकडून मजूर आले, चाळींत राहिले. १९४९ साली इथं मतमाउलीची यात्रा सुरू झाली. २०२३ साली ती पंचाहत्तरावी झाली. इथलं चर्च आहे संत तेरेजांच्या नावाचं, आणि त्यांचा सण येतो ऑक्टोबरात. कागदावर पाहिलं तर गावची मोठी यात्रा ऑक्टोबरात भरायला हवी होती. पण लोकांनी धरलं ते माउलीचं नाव.

हे नावसुद्धा पाहा. मुंबईला बांद्र्याच्या टेकडीवर माउंट मेरीचं चर्च आहे. तिथले कोळी लोक तिला मोतमाउली म्हणतात. ८ सप्टेंबरच्या सुमारास तिथं मोठी जत्रा भरते. तेच नाव आपल्याकडे मतमाउली होऊन आलं. आणि माउली म्हटलं की नेवाशात ज्ञानेश्वरी सांगणारी ज्ञानोबा माउली कुणाला आठवणार नाही? नेवासा इथून दूर नाही. वारीला जाणाऱ्या मुलखाला यात्रा शिकवावी लागली नाही. पायी चालणं, नवस बोलणं, वाटेत कुणाच्या ओट्यावर भाकरी सोडणं हे सगळं अंगात होतंच.

एकच तारीख, पण मुलूख बदलला की सण बदलतो. मंगळूरकडे ८ सप्टेंबरला भाताची नवी कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात आणि घरी नव्या तांदळाचं जेवण करतात. मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन लोक पीक आल्याचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी करतात. आपल्याकडे सप्टेंबरात बाजरी अजून दाणा भरत असते. नेणार काय? म्हणून आपल्या सणात धान्याच्या जागी चालणं आलं, नवस आला, आणि लेकींचं माहेरपण आलं. भाद्रपदात गौरी माहेरी येते, त्याच दिवसांत आमच्या लेकी मतमाउलीला माहेरी यायच्या. शिवाय यात्रा भरते ८ सप्टेंबरच्या पुढेमागे येणाऱ्या शनिवार-रविवारी, म्हणजे सुट्टीही मिळते. कारखाना केव्हाच बंद पडला. यात्रा राहिली.

पंचांगात सगळे दिवस आनंदाचेच नसतात. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा एक आदेश निघाला. त्यानुसार अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठरल्या. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान मात्र बाहेर राहिले. म्हणून भारतातल्या चर्चमध्ये १० ऑगस्ट हा काळा दिवस म्हणून पाळतात, आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार दलित मुक्ती रविवार म्हणून. हे दिवस रोमच्या पंचांगात नाहीत. ते आपल्या मातीतल्या दुखण्यातून आले. दाखल्यासाठी तहसीलला खेटे घातलेल्या आईला या दिवसाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. उपवासकाळात आपल्या बाया फार ओढून धरतात. चर्चचा नियम एवढा कडक नाही. पक्का उपवास वर्षातून दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, आणि तोही १८ वर्षांपासून साठीपर्यंतच. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, आजारी माणूस यांच्यावर सक्ती नाही. रक्त कमी असताना उन्हात काम करून उपाशी राहू नका. देव त्याचा हिशोब मागत नाही.

तर मैत्रिणींनो, तारीख रोमहून आली, पण तिला सण केलं ते खुरपं आणि कोयता धरणाऱ्या हातांनी. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला, मग ती कुठल्याही धर्माची असो, विचारा: तुमच्या लहानपणी सण कसा व्हायचा, कुठलं काम चाललेलं असायचं, काय शिजायचं, कोण गायचं, आणि कुणाला आत येऊ देत नव्हते? वहीत लिहून ठेवा, वर्ष आठवलं तर तेही लिहा. ती बाई आहे तोवरच हे होईल.